इंग्लंडमधलं ‘प्राचीन मंदिर’

सदरकारांचे मेव्हणे वाचकांच्या ओळखीचे आहेत. दर पावसाळ्यात नवी छत्री हरवणारे ते हेच. गेल्या रविवारी त्यांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. त्यात हिरवळ होती, लोखंडी खांबांवर पेललेला घुमट होता आणि घुमटाखाली सोनेरी हत्ती. खाली मजकूर होता, ‘इंग्लंडच्या खेड्यात प्राचीन हिंदू मंदिर!!!’ पाहता पाहता सतरा जणांनी हात जोडले. सदरकारांचा चहा निवला.

ती विहीर आहे हो, विहीर! ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो नावाच्या खेड्यातली. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी स्वतःच्या पैशाने ती खोदवली आणि 24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती गावाला खुली झाली. खोली 368 फूट, रुंदी जेमतेम चार फूट, आणि सगळं खोदकाम हाताने. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल तीत उभं सोडलं, तर कळसही वर दिसणार नाही. तेवढं रुंद भोक पाडता आलं तर, अर्थात.

पावसासाठी बदनाम असलेल्या देशाला विहीर दान कशाला, असं मेव्हण्यांनी लगेच विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून सदरकारांना आणखी राग आला. हे गाव चिल्टर्न टेकड्यांवर, आणि टेकड्या खडूच्या. पडलेला पाऊस त्या गुपचूप पिऊन टाकतात, वर ओढा ठेवत नाहीत की झरा. गावकरी डबक्यांतलं आणि मातीच्या जुन्या खाणींत साचलेलं गढूळ पाणी आणायचे.

शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात मुलकी अधिकारी होते. त्यांनी 1831 साली आझमगढमध्ये एक विहीर खोदवली होती. गप्पांच्या ओघात त्यांनी महाराजांना आपल्या मुलखातल्या टंचाईची हकिगत सांगितली. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं होतं. महाराजांच्या ते ध्यानात राहिलं. पुढे इंग्लंडमध्ये काही दानधर्म करावा असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा ते पोर त्यांना आठवलं.

आता यात खुशामत किती आणि कणव किती, हे तागडीत घालणारे भेटतीलच. महाराज 1857 मध्ये इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, हे खरं. त्या काळी साहेबाला पाणी पाजण्याची लाटच आली होती म्हणा ना. आपल्या मुंबईचे कावसजी जहांगीर यांनीही 1869 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कला पाणपोई दिली. त्यांचं आडनावच रेडीमनी, तेव्हा बिल थकलं नसणार. पण खुशामतच करायची, तर राजवाड्यासमोर कारंजं उभारतात. खेड्यात भोक पाडत नाहीत.

पण सदरकारांची झोप उडवली ती चेरीच्या झाडांनी.

विहिरीशेजारी चेरीची बाग लावली गेली. तिचं नाव ‘इश्री बाग’, म्हणजे महाराजांच्याच नावाचं गोऱ्या जिभेवर झालेलं रूप. पाणी गावाला फुकट, आणि देखभालीचा खर्च चेरीच्या उत्पन्नातून. राखणदाराला राहायला छोटं घरही बांधलं. एवढ्या खोलातून बादली वर यायला दहाएक मिनिटं लागत, तेव्हा वॉलिंगफर्डच्या कारखान्यातून आणलेल्या त्या रहाटाला तेल घालणारा माणूस हवाच. कोनशिलांचं या सदराला वावडं आहे, हे नव्याने सांगायला नको. मान्यवरांची नावं, तारीख, नारळ. तेल कोण घालणार, हे कोनशिलेवर कधी कोरलेलं असतं का? हजारो मैलांवरून दिलेल्या या दानात तेलाचा हिशेब आधीच धरलेला होता, तोही झाडांवर लटकलेला.

सदरकारांनी बायकोला उठवून हे सांगितलं. सोसायटीच्या पंपासाठी आंबा लावावा का, असं तिने विचारलं आणि कूस बदलली. पंपाच्या विषयावर ती खवचट बोलते.

नळ आला आणि रहाट थांबला. विहीर मात्र टिकली. 1964 मध्ये तिच्या शताब्दीला तेव्हाच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप आले आणि तिच्या पाण्यात गंगाजल मिसळण्यात आलं. खडूतून गाळून आलेलं पाणी ते. त्याला ही पाहुणी कशी वाटली असेल कोण जाणे.

हे सगळं सदरकारांनी सोमवारी सकाळी खोली-रुंदीसकट ग्रुपवर लिहिलं. दुपारपर्यंत एकही हात जोडला गेला नाही. संध्याकाळी मेव्हण्यांचं उत्तर आलं, ‘बरं, विहीर तर विहीर. पण चेरी कुठल्या महिन्यात येतात?’