जावईबापूंची रूपमती

जावयाला तोंडावर काही बोलायचं नाही, ही आमच्या धारच्या वाड्यातली जुनी रीत. ती मोडायची माझी तयारी नाही. म्हणून लिहिते आहे. लिहू नये असं कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तर आमचे जावईबापू घरी पाव भाजतात. 'पाव' म्हटलेलं त्यांना चालत नाही. पाव म्हणजे मैदा, बेकरी, वडा आणि एकूण अधोगती. ते भाजतात ती 'लोफ'. शंभर टक्के गव्हाची, बाजारचं यीस्ट न घातलेली, दीड दिवस आंबवलेली. मोक्षाला याहून कमी अटी असाव्यात. गेल्या श्रावणात लेक-जावई बंगळुरूहून आले. गाडीतून उतरताना जावयांनी दोन्ही हातांनी छातीशी काहीतरी धरलेलं. माझ्या वयाच्या बाईच्या मनात काय यावं? निघाली काचेची बरणी. बरणीत आंबलेलं पीठ. त्याचं नाव रूपमती, मांडूच्या राणीवरून. "मांडूजवळ येतोय म्हणून खास ठेवलं, आई."

रूपमतीला दिवसातून दोनदा खाऊ घालायचं. आधी निम्मं पीठ काढून टाकायचं, मग नवं घालायचं. टाकायचं? हो, टाकायचं. पृथ्वी वाचवायला निघालेला माणूस सकाळ-संध्याकाळ पीठ मोरीत ओततो, आणि काल उरलेल्या दोन पोळ्यांचा कुस्करा करणारी मी मात्र मागासलेली! शिवाय या घरी पाव भाजणाऱ्यांत पंथ आहेत. बाजारचं यीस्ट वापरणारे वेगळे, आंबवणवाले वेगळे. एकमेकांच्या घरचं पाणी पीत असतील की नाही, देव जाणे. आमच्या शेजारच्या देवासात एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. पण त्यांच्यात निदान महसुलाचा प्रश्न होता. इथे भांडण कशावरून, तर बुडबुड्यांवरून.

"हे सगळं जुन्या पद्धतीनं आहे, आजीच्या काळासारखं," जावईबापू म्हणाले. कुणाच्या आजीच्या? त्यांची आजी साताऱ्याकडची. माऊलीने जन्मभर ज्वारीची भाकरी थापली. गव्हाची पोळी सणाला. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पिठाच्या पोटात खुपसायचा थर्मामीटर आणि पाच किलोचं बिडाचं विलायती भांडं यांपैकी काय त्या माऊलीकडे होतं, हे मी विचारलं नाही. रीत.

मग प्रत्यक्ष भाजणी. शुभ्र अॅप्रन, ओव्हनसमोर ध्यानस्थ बैठक, घरात कुणी दार आपटायचं नाही. दीड दिवसाच्या तपश्चर्येनंतर जे बाहेर आलं त्यावर बसून जेवता आलं असतं. पाटाला आमच्याकडे अजून मान आहे, म्हणून मी काही बोलले नाही. जावईबापूंनी मात्र निदान केलं: "उंची, आई. हाय अल्टिट्यूड." आता धार काय, मांडू काय, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. पाककृतीत फेरफार करा असं बेकिंगवाले सांगतात ते तीन हजारांच्या पुढे. हे काय ल्हासा आहे?

खरं कारण आमच्या चक्कीवाल्याला ठाऊक होतं. ओव्हनमध्ये गेला होता आमचा माळवी गहू, काठिया. महाराष्ट्रात ज्याच्या भाईबंदाला बन्सी म्हणतात. जगभर याच जातीच्या गव्हाच्या शेवया नि पास्ता होतो. याच्या कणकेला जोर आहे, पण लवचीकपणा नाही; हवेचा फुगा धरायच्या आत ती फाटते. त्यात कोंडा. कोंड्याचे धारदार कण चिकटपणाचे धागे कापत सुटतात. म्हणजे लोफ फुगायला जे लागतं ते या गव्हात कमी, आणि जे आहे ते कोंडा तोडणार. तरी ती वर यावी असा हट्ट! बैलाला सतार शिकवायची आणि सूर लागला नाही की हवेला दोष द्यायचा.

दुसऱ्या दिवशीची लोफ मात्र जरा उंच. चमत्कार? नाही. डब्यातला मैदा चार वाट्यांनी उतरलेला. 'शंभर टक्के' या शब्दाची व्याख्या आमच्या नगरपालिकेइतकीच सैल निघाली.

त्याच दुपारी सगळं गोत मांडूला. पाऊस, धुकं, आणि ओळखीच्यांच्या पडवीत बाफल्यांचा बेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रवाळ दळलेलं गव्हाचं पीठ, तुपाचं मोहन, ओवा, हळद, मीठ. घट्ट मळून गोळे करायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की काढून निथळायचे आणि कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यात भाजायचे. मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवायचे. म्हणजे काय झालं? अखंड गव्हाची, घरी भाजलेली भाकरीच की! जी फुगत नाही, कारण तिला फुगायचंच नाही. ज्या गव्हाचा जो स्वभाव, त्याप्रमाणे बेतलेली. हे शहाणपण कुणाच्या नावावर नाही, म्हणून त्याचा कोर्सही निघालेला नाही.

जावईबापूंनी पाहिलं आणि हसले. "भाजायच्या आधी उकळतात? ब्रेड कोण उकळतं?" अहो, न्यूयॉर्कचा बेगल कोण न उकळता भाजतं? तो तुम्ही चारशे रुपयांना खाता, तेव्हा ती परंपरा. आमचा उकळला की अडाणीपणा. कंड्यांच्या धुराने डोळे चुरचुरले म्हणे. शहरात 'वूड-फायर्ड'चे दीडपट पैसे मोजताना नाही चुरचुरत.

पलीकडे जहाज महाल पावसात भिजत उभा होता. तो बांधणाऱ्या माळव्याच्या सुलतान गियासशाहने (राज्यकाळ १४६९ ते १५००) राज्यकारभार मुलाकडे सोपवला आणि मन स्वयंपाकात घातलं. त्याच्या 'निमतनामा' या सचित्र पाकग्रंथाची प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पानोपानी मिशाळ सुलतान बसलाय, भोवती रांधणाऱ्या बायका. समोसे, खीर, विडे, अत्तरं, आणि नवरेपणाला उभारी देणारी औषधंसुद्धा. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. हा माणूस चवीसाठी खात होता आणि तसं उघड कबूल करत होता. खाण्याला पुण्याचा मुलामा चढवायचं काम १८२९ च्या सुमारास अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम या पाद्र्याने केलं. कोंड्यासकट गहू खा, वासना शमतील, असा त्याचा उपदेश. सुलतान वासना चेतवायला पाककृती लिहितो, पाद्री विझवायला. आमच्या जावयांनी पाद्री निवडला. लेकीची मला काळजी वाटते.

आता दोन कबुल्या. बेकरीच्या पावाला घाबरण्यात वेडेपणा नाही: २०१६ साली दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने पावांत पोटॅशियम ब्रोमेट दाखवलं, तेव्हा कुठे सरकारने त्यावर बंदी घातली. आणि तुपात बुचकळलेला बाफला आरोग्यदायी आहे असं सांगणारा माळवी माणूस खोटारडा; बाफले खाल्ल्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत आडवे असतो. पण आडवे होताना आम्ही कुणाला प्रवचन देत नाही. माझं भांडण पावाशी नाहीच. ताज्या पावाचा वास घरभर सुटला की मीसुद्धा स्वयंपाकघरात रेंगाळते. भांडण आहे ते पावाबरोबर भाजल्या जाणाऱ्या तेजोवलयाशी.

सोमवारी ते निघाले. १५६१ मध्ये मुघल सरदार अधमखान चाल करून आल्यावर मांडूचा सुलतान बाजबहादूर आपल्या रूपमतीला मागे टाकून पळाला. आमचे बाजबहादूर ऑफिसच्या मीटिंगसाठी. बरणी माझ्या ओट्यावर. "दोनदा खाऊ घाला हं, आई." त्या रूपमतीने विष घेतलं. हिला मी हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर जिरं घातलं, आणि धिरडी केली. रोजचं निम्मं काढलेलं त्यातच. आठवड्याने बाकीचंही.

दिवाळीला जावईबापू आले. नाश्त्याला धिरडी, पाच खाल्ली. "काय सुंदर आंबटपणा आलाय, आई! प्रमाण काय घेता?"

"अंदाजे," म्हटलं.