विश्लेषण : गावचं इंटरनेट तुटलं तर काय होईल, हे लॅपटॉपवर तपासता येतं का?

सटाण्याहून ताहाराबादमार्गे मुल्हेरकडे एकच फायबर गेली आहे, असं समजा. सटाण्याबाहेर जेसीबीचा दात लागला की पुढच्या सगळ्या ग्रामपंचायती ऑफलाइन, आणि दाखल्यासाठी आलेला माणूस हात हलवत परत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेतली रचना बव्हंशी अशीच सरळ रेषेतली होती. त्यामुळे ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने मंजूर केलेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात रिंग रचना आली. एक बाजू तुटली, तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येतो.

तो खरंच येतो का, आणि किती वेळात, हे चर खोदण्याआधीच पाहता येतं.

व्हर्च्युअल मशीन की कंटेनर?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात आणखी एक अख्खा संगणक. प्रत्येक राउटरसाठी असं एक उभं केलं, तर साध्या लॅपटॉपची मेमरी सात-आठ राउटरांतच संपू शकते. कंटेनर मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा वाटून घेतात. एकाच वाड्यात वेगळ्या चुली मांडलेल्या बिऱ्हाडांसारखे. तेवढ्याच जागेत वीस-तीस राउटर मावतात. ‘मिनिनेट’, ‘कंटेनरलॅब’, ‘एफआरराउटिंग’ ही साधनं फुकट आहेत. सटाण्यातला विद्यार्थीही ती वापरू शकतो. काही कंपन्यांच्या राउटरचं सॉफ्टवेअर मात्र व्हर्च्युअल मशीनवरच चालतं, त्यामुळे पुष्कळदा दोन्हींची मिसळ करावी लागते.

लॅपटॉपवर काय दिसतं?

आभासी तार सरळ बंद केली, तर राउटरला लगेच कळतं आणि तो वाट बदलतो. पण तार ‘चालू’ दाखवत असताना डेटा मध्येच गळायला लावला, तर गोष्ट बदलते. राउटर शेजाऱ्याच्या हाकेची वाट पाहत बसतो. ‘ओएसपीएफ’ या प्रचलित पद्धतीत ही मुदत न बदलल्यास ४० सेकंदांची असते. तेवढ्यात अर्ज भरताना पान अडकलेलं असतं. ही मुदत कमी करून पुन्हा पाहता येते, तेही कुणाचंही इंटरनेट बंद न पाडता.

खरा धोका वेगळाच आहे. रिंगच्या दोन्ही बाजू काही अंतर एकाच चरातून गेल्या असतील, तर लॅपटॉपवर सगळं सुरळीत दिसेल आणि जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडेल. त्यामुळे आभासी नकाशात कोणती तार कोणत्या चरातून जाते, याचीही नोंद हवी. चाचणी घेताना मग एकेक तार नव्हे, अख्खा चर बंद करून पाहायचा.