कृषिदूतांच्या वहीवर सही करण्याआधी



पावसाळा लागला की आपल्या गावांत कृषी महाविद्यालयाची मुलंमुली येतात. डोक्याला टोपी, गळ्यात ओळखपत्र, काखेत तक्त्यांची गुंडाळी. आपण त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी काही आठवडे गावात राहून, एकेका शेतकऱ्याच्या सोबतीने शेती समजून घ्यायची, असा हा ग्रामीण कृषी कार्यानुभव. १९९२ साली रंधावा समितीने त्याची शिफारस केली. आज राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या महाविद्यालयांत तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. कार्यक्रम चांगला, मुलंही गुणी. माझं म्हणणं आहे ते त्यांच्या वहीबद्दल.

या मुलांना रोजचा दिनक्रम वहीत लिहावा लागतो. त्यावर यजमान शेतकऱ्याची सही होते आणि शेवटी सरपंच शिक्क्यानिशी दाखला देतात. सही करताना आपण ती वही वाचतो का? बहुतेक नाही. चहा पाजतो, 'बरं काम केलंत पोरांनो' म्हणतो आणि सही ठोकतो. यंदा एकदा वाचून बघा. मजकूर साधारण असा असतो : 'आज मौजे अमुक येथे माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक घेण्यात आले. शेतकऱ्यांना माती परीक्षणाचे महत्त्व पटवून देण्यात आले. शेतकऱ्यांचा उत्तम प्रतिसाद लाभला.' शेजारच्या गावातल्या वहीतही हेच, आणि मागच्या वर्षीच्या वहीतही हेच. गावाचं नाव तेवढं बदलतं.

आता जरा विचार करा. मातीचा नमुना घ्यायचा तो पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी. व्ही आकाराचा खड्डा, वीस-बावीस सेंटीमीटर खोली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देणे, शेवटी अर्धा किलो माती. हे सगळं मुलं बिनचूक करून दाखवतात. पण दाखवतात कधी? जुलैत, उभ्या सोयाबीनमध्ये, खताचा डोस पडून गेल्यावर! बीजप्रक्रियेचंही तेच. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम मुलांना तोंडपाठ असतो. पण त्या वेळी गावात पेरायचं बियाणंच शिल्लक नसतं. समोर बसलेल्या शेतकऱ्याला हे कळतं, तो पाहुण्यांचा मान राखून गप्प बसतो आणि वहीत त्याची नोंद 'उत्तम प्रतिसाद' अशी होते.

याच जागी एखाद्या मुलीने लिहिलं असतं : 'आज चौदा जण जमले. एका काकांनी विचारलं, खत टाकून झालंय, मग हा नमुना कशाचा? मला उत्तर देता आलं नाही. रात्री पुस्तक काढून पाहिलं, काकांचं बरोबर होतं. आता पद्धत दाखवून ठेवावी आणि एप्रिलमध्ये नमुना कोण काढणार त्यांची यादी करून कृषी सहायकांकडे द्यावी, असं वाटतं.' या चार ओळींत ती मुलगी शिकली हे दिसतं आणि गावालाही काहीतरी हाती लागतं. याला चिंतनपर लेखन म्हणतात. नाव जड आहे, काम सोपं आहे. ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाने १९८८ साली त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : काय घडलं, त्या वेळी मनात काय आलं, बरं काय आणि वाईट काय झालं, तसं का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. आपल्याकडची जुनी माणसं सुगी उरकल्यावर ओट्यावर बसून याच गोष्टी बोलत. फक्त लिहून ठेवत नसत.

दुसरी गोष्ट भाषेची. 'घेण्यात आले', 'देण्यात आले', 'आवाहन करण्यात येत आहे'. या वाक्यांत माणूसच नाही. घेतलं कुणी, दिलं कुणी, पटलं कुणाला? ही भाषा मुलांनी आमच्याच सरकारी कागदांवरून उचलली आहे, हे मान्य करायला हवं. ज्या वाक्यात कर्ता नाही त्या वाक्याला जबाबदारीही नाही. मुलांना एवढं एक जरी शिकवलं, की प्रत्येक वाक्याला 'कुणी?' असा प्रश्न विचारा, तरी निम्मी वही कोरी पडेल आणि उरलेली खरी होईल.

हाच प्रश्न वहीबाहेरच्या कागदांना विचारायला शिकणं म्हणजे मांडणीची चिकित्सा. समोरचा आपल्याला कशाच्या जोरावर पटवतो आहे ते उलगडून बघायचं. ॲरिस्टॉटल नावाच्या ग्रीक पंडिताने सव्वादोन हजार वर्षांहून आधी सांगून ठेवलं आहे की पटवणारा माणूस तीन गोष्टींवर भिस्त ठेवतो : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना आणि मुद्द्याचा पुरावा. आठवडी बाजारात बैल विकणारा दलालही याच तिन्हींवर खेळतो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवरचं एखाद्या फवारणीच्या औषधाचं पोस्टर घ्या. वर एका शेतकऱ्याचा फेटा बांधलेला फोटो, ही झाली पत. मधे अळीने पोखरलेलं बोंड, ही भीती. खाली 'परदेशी तंत्रज्ञान, शंभर टक्के खात्री'. पुरावा कुठे आहे? फोटोतली कपाशी बागायती की कोरडवाहू, जमीन हलकी की भारी, काही नाही. भाव लिटरचा सांगतात, एकरी खर्च सांगत नाहीत. रासायनिक नाव इतकं बारीक की चष्मा लावूनही दिसू नये. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे एकच औषध कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. नाव वाचलं नाही तर तोच माल दोनदा विकत घेऊन शेतकरी एकाच पंपात ओततो. आणि डब्यावरचा त्रिकोण! लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. पण जाहिरातीत हिरवा रंग दिसला की 'नैसर्गिक आहे' असं मनात येतं आणि ते यावं म्हणूनच तो तिथे असतो.

हे शब्दांचे खेळ नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक डोक्याएवढं वाढलेलं, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, तोंडाला साधा रुमाल. सूचना छापलेल्या असतात हो, डब्यासोबतच्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. जाहिरात मोठ्या अक्षरांत आणि धोका बारीक अक्षरांत, ही मांडणी कुणी उलगडून सांगायची? माझ्या मते, या मुलांनी. माती परीक्षणाच्या दहाव्या तक्त्यापेक्षा एका सायंकाळी मारुतीच्या पारावर एक पोस्टर, एक रिकामा खोका आणि तो घडीचा कागद मांडून तासभर चर्चा करावी. आणि तीही फवारणारे मजूर शेतावरून परतल्यावर. दुपारी अकराच्या सभेला मालक येतात, पंप पाठीवर घेणारा येत नाही. खुरपणी करणाऱ्या बायका तर कोणत्याच सभेत नसतात. वहीत ही गैरहजेरीही लिहिली गेली पाहिजे.

यशोगाथांनाही हाच नियम लावा. 'एकरी अमुक लाखांचे उत्पन्न' असं छापून येतं, आपल्या या पानावरही येतं. उत्पन्न म्हणजे विक्री की खर्च वजा जाता नफा? पाणी कुठून आलं? घरच्या माणसांची मजुरी धरली का? त्या वर्षी भाव कसा होता? कृषिदूताने एका यशोगाथेतल्या शेतकऱ्याकडे जाऊन एवढे चार प्रश्न विचारले, तरी शंभर मार्कांचं काम होईल.

काही प्राध्यापक म्हणतील, शेतीच्या मुलांना हे भाषेचं लचांड कशाला? मी पदविकावाला माणूस, पदवीवाल्यांना शिकवण्याचा आव आणत नाही. पण विस्ताराचं सगळं काम बोलण्या-लिहिण्याचंच आहे. पदवीत संवादकौशल्याचा विषय असतो, तो इंग्रजीतून. मुलं बोलणार मात्र तुमच्याशी, तुमच्या मराठीत. आणि मुलं खरं लिहीत नाहीत यात त्यांचाच दोष नाही. फसलेलं प्रात्यक्षिक लिहिलं तर मार्क जातील, ही भीती त्यांना असते. तेव्हा तपासणाऱ्यांनी आधी सांगून टाकावं की 'उत्तम प्रतिसाद' या शब्दांना शून्य मार्क आणि फसलेल्या कामाचं कारण शोधलं तर पुरे मार्क.

बाकीचं तुमच्या हातात आहे. यजमान शेतकऱ्याने सही करण्याआधी मुलाला म्हणावं, 'बाळा, आजचं वाचून दाखव.' तुम्ही काय म्हणालात ते त्यात नसेल तर लिहायला लावा, तुमची तक्रार असेल तर तीही. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दाखला देताना वहीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत ठेवून घ्यावी. पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी ती तिच्या हाती द्यावी, म्हणजे नमुना एप्रिलमध्ये काढायचा असं ठरलं होतं आणि तो निघाला की नाही, हे तरी ती मुलं विचारतील.