फूल, दोन पानं आणि पूर्व तिमोर

ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर 'आसियान'चा अकरावा सदस्य झाला, तेव्हा आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर ती बातमी जेमतेम दीड मिनिट टिकली. एका मित्राने फोनवर नकाशा मोठा करत करत तो देश शोधला आणि म्हणाला, "अरे, केवढासा आहे हा! कशाला हवं होतं यांना स्वातंत्र्य? इंडोनेशियात सुखाने राहिले असते की." सगळे हसले. मीही हसलो. मग विषय अप्रेझलवर गेला. तो नेहमी तिकडेच जातो.

पण ते 'कशाला हवं होतं' घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना, कारण हेच वाक्य मी लहानपणी दुसऱ्या एका प्रदेशाबद्दल ऐकलेलं. माझं आजोळ पेडण्याचं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला त्यात आजोबांनी फुलाला मत दिलं होतं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहणं. चौतीस हजार मतांनी फूल हरलं. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "एवढासा गोवा, कशाला हवं वेगळं राहायला?"

तर या शनिवारी जरा सविस्तर लिहितो. गोवा आणि तिमोर यांचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे.

पोर्तुगीज तिमोरला गेले चंदनासाठी, सोळाव्या शतकात. आणि १८४४ पर्यंत त्या बेटाचा कारभार चालायचा आपल्या पणजीच्या हाताखाली! 'एश्तादु द इंडिया' नावाच्या त्या पसाऱ्यात मोझांबिकपासून मकावपर्यंत सगळं होतं आणि तिमोर म्हणजे त्याचं अगदी शेवटचं टोक. तिथे कोणी मनापासून राज्यसुद्धा केलं नाही. बेटाचा पश्चिम भाग डचांकडे, पूर्व भाग पोर्तुगीजांकडे, अशी वाटणी १८५९ च्या तहाने झाली. सरहद्दीवरची भांडणं मात्र १९१४ पर्यंत चालली. डोईपट्टी वाढवली म्हणून १९११-१२ मध्ये मानुफाहीच्या दों बोआव्हेंतुरा या राजाने बंड केलं, ते चिरडलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात जपान आलं आणि चाळीस हजारांहून जास्त तिमोरी माणसं मेली असा अंदाज आहे. युद्ध संपल्यावर पोर्तुगीज परत आले. जणू काही झालंच नाही.

आता मुख्य भाग. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली आणि नव्या सरकारने वसाहती सोडायचं ठरवलं. तिमोरमध्ये पटापट पक्ष निघाले. त्यांच्यातच १९७५ च्या ऑगस्टमध्ये यादवी झाली, पोर्तुगीज गव्हर्नर समोरच्या आताउरो बेटावर निघून गेला, आणि जिंकलेल्या 'फ्रेतिलिन'ने २८ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. ते किती दिवस टिकलं? नऊ. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं आणि पुढच्या वर्षी तिमोर इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत झाला. पुढे तिमोरमध्येच नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने हिशोब मांडला: १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० मृत्यू, आणि त्यातले बहुसंख्य उपासमारीने आणि रोगाने. लोकसंख्या सहासात लाखांच्या घरात असतानाची ही गोष्ट.

१२ डिसेंबर १९७५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव मांडला. बाजूने ७२, विरोधात १०, तटस्थ ४३. त्या दहांत आपण होतो.

हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि खरं सांगायचं तर पटलंच नाही. वसाहतवादाच्या विरोधात जगभर भाषणं देणारा भारत? मग लक्षात आलं की याच्या मुळाशी गोवा आहे. पोर्तुगीज निघून गेले, शेजारच्या मोठ्या देशाने भूभाग ताब्यात घेतला, वसाहतीचा उरलासुरला तुकडा घरी परतला... १९६१ मध्ये आपण जे केलं तेच इंडोनेशियाने केलं, असं ते गणित. एकाला चूक म्हटलं तर दुसऱ्यावर बोट येतं ना.

माझं म्हणणं असं आहे की हे गणित चुकीचं आहे. पण ते का चुकीचं आहे हे सांगताना आपण प्रामाणिक राहायला हवं. "गोवा आपलाच होता आणि तिमोर त्यांचा नव्हता" हे उत्तर पुरेसं नाही. 'आपलाच' हा शब्द जकार्तामध्येही वापरला जायचा. आणि १९६१ च्या डिसेंबरात सैन्य आत गेलं तेव्हा गोवेकरांना आधी कोणी विचारलं नव्हतं, हेही खरंच आहे. (पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षांत कधी विचारलं होतं, हा प्रतिप्रश्नही तितकाच खरा.) फरक पडतो तो पुढच्या पाच-सहा वर्षांत. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात निवडणूक झाली, मगो पक्ष सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. सत्ताधारी पक्षाचा अजेंडाच विलीनीकरणाचा, शेजारी महाराष्ट्रासारखं बलाढ्य राज्य त्यासाठी टपलेलं. तरी जनमत कौल घेतला गेला, त्याआधी बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला, आणि लोकांनी नाही म्हटल्यावर ते 'नाही' पाळलं गेलं. गंमत म्हणजे दोनच महिन्यांनी त्याच लोकांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं!

तिमोरला हा प्रश्न विचारायला इंडोनेशियाने चोवीस वर्षं लावली. मध्ये १९९१ मध्ये दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला, १९९६ मध्ये बिशप बेलो आणि जोझे रामुस-होर्ता यांना नोबेल मिळालं, शनाना गुस्माव जकार्ताच्या तुरुंगात होते. १९९८ मध्ये सुहार्तो गेले आणि मग कुठे हबीबींनी मतदानाला होकार दिला. ३० ऑगस्ट १९९९. बंदूकधारी टोळ्या आधीपासून गावोगाव धमकावत होत्या, तरी ९८.६ टक्के मतदान झालं. पुन्हा वाचा तो आकडा. आपल्याकडे सुट्टी मिळते, केंद्र चालत पाच मिनिटांवर असतं, आणि आपण लोणावळ्याला जातो.

७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियात राहायला नकार दिला. निकालानंतर हरलेल्यांनी काय केलं? शाळा, दवाखाने, वीज, घरं, जे जळेल ते जाळलं. हजाराहून अधिक माणसं मारली. अडीच लाखांच्या आसपास लोक पश्चिम तिमोरमध्ये गेले किंवा नेले गेले. वीस सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली फौजा आल्या, मग अडीचेक वर्षं संयुक्त राष्ट्रांनी कारभार पाहिला, आणि २० मे २००२ ला देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला.

त्यांच्या हाती आलेली सिस्टिम आम्हा इंजिनियर लोकांना ओळखीची वाटेल. राज्यघटनेचा साचा पोर्तुगालचा, कायदे बरेचसे इंडोनेशियाच्या काळातले, चलन अमेरिकन डॉलर, कार्यपद्धती संयुक्त राष्ट्रांची. राजभाषा दोन: तेतुम आणि पोर्तुगीज, त्यातली दुसरी बहुसंख्य तरुणांना येतच नव्हती. चार व्हेंडरांचा कोड एकत्र जोडलाय आणि डॉक्युमेंटेशन कोणाकडेच नाही. अशी सिस्टिम पहिल्याच मोठ्या लोडला बसणार, तशी ती २००६ मध्ये बसलीच. सैन्यातून सुमारे सहाशे जणांना काढलं, पूर्वेकडचे विरुद्ध पश्चिमेकडचे अशी दंगल पेटली, आणि पंतप्रधान मारी अल्कातिरींना पायउतार व्हावं लागलं. 'अपयशी राष्ट्र' हा शिक्का तेव्हाचा. माझा मित्र बहुधा तोच अजून वापरतोय.

नंतरचं मात्र कोणी सांगत नाही. २००७ च्या निवडणुकीत फ्रेतिलिन ६५ पैकी २१ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता, पण शनानांनी आघाडी करून सरकार बनवलं. फ्रेतिलिनच्या लोकांनी पूर्वेकडे घरं जाळली. दहा वर्षांनी अल्कातिरी परत पंतप्रधान झाले, अल्पमतातले. त्यांचा कार्यक्रमच संसदेने नाकारला, २०१८ मध्ये फेरनिवडणूक झाली, ते हरले आणि विरोधी बाकांवर जाऊन बसले. कोणाचं घर जळाल्याची बातमी आली नाही. माझ्या मते त्या देशाची खरी कमाई ही. तेलाचा फंड, आसियान वगैरे नंतर.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले रामुस-होर्ता, २०२३ मध्ये पंतप्रधान झाले शनाना; म्हणजे पुन्हा पंचाहत्तरची पिढीच. निम्म्याहून अधिक जनता पंचविशीच्या आतली आणि खुर्च्यांवर पंचाहत्तरीतले आजोबा. संसदेची निवडणूक सगळा देश एकच मतदारसंघ धरून, पक्षाच्या बंद यादीवर होते. मत पक्षाला द्यायचं, नावं पक्ष ठरवणार. यादीत दर तिघांत एक बाई असावीच लागते, हे चांगलं आहे. पण यादीच्या वरच्या टोकाला कोण बसणार हे गावातल्या पोराच्या हातात नाही. त्यात बायू-उंदान हे तेलवायूचं क्षेत्र आटलं, ज्याच्या पैशावर सरकार चालत आलंय.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या खासदारांसाठी ६५ नव्या गाड्या घ्यायचं ठरलं. दिलीतली कॉलेजची मुलं रस्त्यावर आली, अश्रुधूर झाला, आणि तीन दिवसांत गाड्या रद्द. माजी खासदारांची तहहयात पेन्शनही त्याच महिन्यात संसदेने काढून टाकली. ही सगळी मुलं १९९९ च्या नंतरची. त्यांना जंगलातली लढाई सांगून गप्प बसवता येत नाहीये.

बाय द वे, तिमोरची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत तेरा लाख एक्केचाळीस हजार, म्हणजे जवळपास गोव्याएवढीच. क्षेत्रफळ गोव्याच्या चौपट. सोमवारी मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग गोवा तरी कशाला हवा होता वेगळा?"

त्याची आजी मडगावची आहे. त्याला म्हटलं, एकदा तिला विचार तिने कशाला मत दिलं होतं.