ऑपरेशन झालेली मांजरी पुन्हा माजावर येते तेव्हा

लखनौच्या चौकात घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधल्या बाजारातून ज्या अरुंद गल्ल्या आत शिरतात, तिथे एका घराची गच्ची कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे माणसांपेक्षा मांजरांना अधिक ठाऊक. खालच्या खोलीत चिकनच्या कुडत्यांचे गठ्ठे, शेजाऱ्याच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आणि जिन्यात ऊन खात बसलेली घरची मांजरी. असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा.

अशा वस्तीत मांजरी माजावर आली की ती गोष्ट घरापुरती राहत नाही. तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा तिचा आवाज रात्रभर गल्लीत घुमतो. चार गच्च्यांवरून बोके येतात. दारात, जिन्यात, कपड्यांच्या गठ्ठ्यावर लघवीची पिचकारी मारून ते आपली हद्द ठरवतात. त्या वासाचा कुडता गिऱ्हाइकाला दाखवायचा कसा? कबुतरे पाळणारा शेजारी तर काठी घेऊन जागाच असतो. लखनवी माणूस तक्रारही अदबीने करतो म्हणतात. पण चौथ्या रात्री ती अदबही पातळ होते.

मग घरातली कर्ती बाई मांजरीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेते आणि ऑपरेशन करून आणते. टाके सुकतात. दिवाळी आणि थंडीचे दिवस शांततेत जातात. संक्रांत उलटते, दिवस मोठा होऊ लागतो आणि एका रात्री पुन्हा तोच आवाज! मांजरी जमिनीवर लोळते आहे, छाती खाली टेकवून मागचा भाग उचलते आहे, शेपटी एका बाजूला घेऊन मागचे पाय जागच्या जागी तुडवते आहे. घरात लगेच मतभेद होतात. एक म्हणतो, पैसे पाण्यात गेले. दुसरा म्हणतो, डॉक्टरांनी ऑपरेशन केलेच नाही. आजी म्हणतात, जुनी खोड आहे, जाईल हळूहळू. आणि कोणीतरी वैतागून सुचवतो, पोत्यात घालून गोमतीपलीकडे सोडून या.

यातले एकही मत कामाचे नाही. ऑपरेशन झालेली मांजरी खरोखर माजावर येत असेल, तर बहुधा तिच्या पोटात बीजकोशाचा एखादा तुकडा अजून जिवंत आहे. ही तिची खोड नव्हे आणि हट्टही नव्हे. तो एक आजार आहे आणि त्यावर खात्रीचा उपाय आहे.

‘नसबंदी’ या शब्दाचा घोटाळा

बोलताना आपण सगळेच ‘मांजरीची नसबंदी’ म्हणतो. या शब्दामुळेच बराच गैरसमज होतो. चौकालगतच्या क्वीन मेरी रुग्णालयात किंवा पुण्या-मुंबईच्या कुठल्याही रुग्णालयात स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होते, तेव्हा फक्त बीजवाहक नलिका बंद करतात. बीजकोश तसेच राहतात, म्हणून पाळीही चालू राहते. एखाद्या स्त्रीची गर्भपिशवी काढली, तरी वय आणि प्रकृती पाहून बीजकोश पुष्कळदा ठेवले जातात.

मांजरीचे तसे नसते. तिच्या शस्त्रक्रियेत दोन्ही बीजकोश पूर्ण काढायचे असतात. आपल्याकडे त्यांच्याबरोबर सहसा गर्भाशयही काढतात. माज आणणारे संप्रेरक बीजकोशातच तयार होते. गर्भाशय काढून बीजकोश राहिले, तर पिल्ले होणार नाहीत. पण माज मात्र जसाच्या तसा राहील. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ‘नक्की काय काढले?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. घरच्या माणसाच्या शस्त्रक्रियेनंतर आपण हेच करतो.

तुकडा राहतो कसा?

मांजरीचा बीजकोश जेमतेम वाटाण्याएवढा असतो. तो पोटात खोल, मूत्रपिंडाच्या मागे एका घट्ट बंधाने बांधलेला असतो. उजव्या बाजूचा तर आणखी थोडा पुढे आणि आत असतो. लहानशा छेदातून तो बाहेर ओढून, त्याच्या पलीकडे गाठ मारून कापायचा असतो. गाठ जरा अलीकडे बसली, तर बीजकोशाची कडा आत राहते. मांजरी जाड असेल तर चरबीत ती दिसतही नाही.

कधी कापताना सुटलेला कण पोटात पडतो. असा कण आतल्या पडद्याला चिकटतो, त्याला नवा रक्तपुरवठा मिळतो आणि तो पुन्हा काम करू लागतो, हे मांजरींवरच्या प्रयोगांतून दिसले आहे. शिवाय काही मांजरींमध्ये जन्मतःच बीजकोशाच्या पेशी बाजूच्या बंधात विखुरलेल्या असतात. त्या सगळ्या शोधणे कुशल हातालाही अवघड जाते. स्त्रियांमध्येही, पोटात आतडी-पडदे चिकटलेले असताना बीजकोश काढले, तर असा अंश मागे राहिल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. म्हणून थेट फसवणुकीचा आरोप करण्यापूर्वी थांबावे.

मग मधले काही महिने शांतता का होती? एक तर राहिलेल्या तुकड्याला रुजायला वेळ लागतो. लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात, तशी काही वर्षांनीही दिसू शकतात. दुसरे कारण उजेडाचे. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. उत्तर हिंदुस्थानात थंडीत दिवस लहान होतो, तेव्हा पुष्कळ मांजरी आपोआप शांत असतात. शरदात ऑपरेशन झालेली मांजरी हिवाळ्यात गप्प राहिली, म्हणजे सगळे ठीकच झाले असे समजू नये. खरी परीक्षा माघ-फाल्गुनात होते.

माज की दुखणे?

मांजरी ओरडते, लोळते म्हणजे माजच, असेही नाही. लघवीला जळजळ होत असेल तरी ती ओरडते, पुन्हा पुन्हा बसते, मागचा भाग चाटते. उतारवयात गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली किंवा रक्तदाब वाढला, तरी मांजर रात्री हिंडते आणि आवाज करते. ऑपरेशनच्या वेळी ती माजावर असेल, तर पुढचे थोडे दिवस तिचे वागणे तसेच राहू शकते. त्याची काळजी नको.

ओळखण्याची सोपी युक्ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच टांगलेली असते. दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर मांजरीच्या ओरडण्याच्या तारखा लिहाव्यात. खरा माज साधारण आठवडाभर टिकतो, ओसरतो आणि बोक्याशी संबंध आला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. असे दोन-तीन फेरे कॅलेंडरवर दिसले, तर संशय पक्का समजावा. रोजच, कोणत्याही क्रमाशिवाय चाललेली ओरड असेल, तर दुसरे कारण शोधावे.

आणखी एक कारण घरातच दडलेले असू शकते. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी काही स्त्रिया इस्ट्रोजेन असलेली जेल किंवा मलम लावतात. मांजरी त्या हाताला अंग घासते, त्वचा चाटते आणि तेच संप्रेरक तिच्या पोटात जाते. मग बीजकोश नसूनही तिच्यात माजाची लक्षणे दिसतात. असे औषध चालू असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. लावलेला भाग कपड्याने झाकला, तर पुढची चिरफाड टळू शकते. अगदी क्वचित मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीची गाठही अशी लक्षणे देते.

तपासणी केव्हा करावी?

मांजरी ओरडत असते त्याच दिवसांत तिला डॉक्टरांकडे न्यावे. ‘जरा शांत झाली की नेऊ’ म्हणून थांबले, तर पुरावाच नाहीसा होतो. माजाच्या दिवसांत योनिमार्गातील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्यांच्या चपट्या, कडक झालेल्या रूपावरून संप्रेरकाचा परिणाम कळतो. ही तपासणी साधी आहे. सोनोग्राफीत तुकडा दिसला तर उत्तम. पण तो इतका लहान असतो की दिसला नाही म्हणजे नाहीच, असे ठरवता येत नाही.

मांजरीची एक खास गोष्ट इथे उपयोगी पडते. तिचे बीज आपोआप सुटत नाही; ते सहसा बोक्याशी संबंध आल्यावरच सुटते. डॉक्टर माजाच्या दिवसांत एक इंजेक्शन देऊन हेच काम करवून घेतात. साधारण आठवड्याने रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासतात. ते वाढलेले असले, तर बीजकोशाचा अंश आहे हे सिद्ध होते. काही प्रयोगशाळांत बीजकोशातूनच येणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकाची रक्ततपासणीही होते. तिच्यासाठी माजाची वाट पाहावी लागत नाही.

उपाय म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया. तीही वेळ साधूनच करावी. माज चालू असताना किंवा त्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात राहिलेला तुकडा फुगलेला असतो, म्हणून तो नजरेस पडतो. एरवी तो शोधणे म्हणजे गव्हाच्या राशीत मोहरी शोधणे. या वेळी छेद मोठा घेऊन दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. काढलेला तुकडा तपासणीला पाठवावा. तो बीजकोशाचाच होता असा अहवाल आला, की मनातली शंका मिटते.

आधीचे डॉक्टर नीट ऐकून घेत असतील, तर प्रथम त्यांच्याकडेच जावे. आत काय आणि कसे केले, हे त्यांना ठाऊक असते. प्रकरण अवघड वाटले तर मोठ्या पशुवैद्यकीय संस्थेचा सल्ला घ्यावा. लखनौकरांना बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिचे मूळ मात्र महाराष्ट्रातले. १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली होती. मुंबईकरांना परळचे, १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

हे मात्र करू नये

ओरड बंद व्हावी म्हणून घरातल्या स्त्रीची गर्भनिरोधक गोळी मांजरीला चारू नये. ‘सहेली’ ही गोळी लखनौच्याच केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधली, पण ती स्त्रियांसाठी. मांजरीचा माज थांबवणारी संप्रेरकाची औषधेही स्वतःच्या मनाने देऊ नयेत. त्यांनी आवाज काही दिवस थांबेल. पण स्तनांच्या गाठी, मधुमेह आणि गर्भाशयाचा भाग उरला असल्यास त्यात पू होणे, असे धोके मागे लागतात. पोट दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणे तर जिवावर बेतते. ते औषध मांजराला विष आहे.

दुर्लक्षही करू नये. गर्भाशयाचा बुंधा उरला असेल, तर बीजकोशाच्या संप्रेरकामुळे त्यात पू साठून मांजरी दगावू शकते. तहान वाढली, खाणे सुटले, योनीतून घाण स्राव आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. स्तनांच्या कर्करोगाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. बीजकोशाचा तुकडा आत काम करत राहिला, तर या संरक्षणाची खात्री उरत नाही.

आणि तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणे हा तर उपायच नव्हे. भुकेने, तहानेने तिचे हाल होतील अशा स्थितीत पाळीव प्राण्याला टाकून देणे, हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय माजावर असलेली, घरात वाढलेली मांजरी परक्या वस्तीतल्या बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या तावडीत किती दिवस टिकेल?

तोवर तिला घरातच, रात्री बंद खोलीत ठेवावे. बोक्याच्या चाव्यातून रोग लागतात. शेजाऱ्याकडे स्वतः जाऊन चार शब्दांत सांगावे: मांजरी आजारी आहे, उपचार चालू आहेत, थोडे दिवस सांभाळून घ्या. कारण कळले की माणसाचा राग अर्धा उतरतो. उरलेला अर्धा पहिल्या शांत रात्री उतरेल.