सेवेला उत्तर सेवेचेच

आळंदी हे महाराष्ट्राच्या धर्मजीवनाचे नाभिस्थान आहे. इ.स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी येथे संजीवन समाधी घेतली आणि इंद्रायणीचा हा काठ मराठी माणसाच्या अंतःकरणात कायमचा वसला. परंतु आळंदी हे केवळ तीर्थक्षेत्र नाही, ते विद्यार्थ्यांचेही गाव आहे. वैकुंठवासी विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, शुल्क नाही, आणि माधुकरीवर निर्वाह. घरची गरिबी हा ज्ञानाच्या मार्गातील अडसर ठरू नये, विद्यार्थ्याची भाकरी ही समाजाची जबाबदारी आहे, हा विचार येथे शब्दांत नव्हे, दारोदारीच्या झोळीत प्रकट झाला. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राला मिळालेले कितीतरी कीर्तनकार आणि प्रवचनकार याच झोळीवर वाढले.

आज या गावाच्या एका अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडचे महानगर. मोटारींचे कारखाने, तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी हा परिसर गजबजला आहे. मात्र ज्या खेड तालुक्यात आळंदी आणि चाकण येतात, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकराच्या डोंगररांगा आहेत आणि तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधवांच्या वाड्या-वस्त्या आहेत. ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या राघोजी भांगरे यांचा हा समाज. त्या वाडीतील मुलगा बारावी होतो, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा महाविद्यालयात प्रवेश मिळवतो, आणि मग एका अगदी साध्या प्रश्नापाशी अडतो. रात्री राहायचे कोठे? जेवायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आधी दिले, त्यांत ख्रिस्ती सेवाभावी मंडळी होती, हे इतिहासाला धरून मान्य केले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या स्त्रिया-मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावी आसरा दिला, त्याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. नंदुरबारच्या भिल्ल-गावित पट्ट्यातील चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून उभे आहे. तलासरीत वारली मुलांसाठी जेझुइट पाद्र्यांनी शाळा आणि वसतिगृह चालविले. आळंदीहून इंद्रायणी पुढे जाते, तुळापूरला भीमेला मिळते. त्या संगमाच्या परिसरातील वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेले गाव. त्याच वढूत सिस्टर लुसी कुरियन या कॅथलिक जोगिणीने १९९७ साली ‘माहेर’ ही संस्था सुरू केली. छळाने घर सोडावे लागलेल्या स्त्रिया आणि निराधार मुले तेथे राहतात. सर्व धर्मांचे सण तेथे साजरे होतात. केंद्र सरकारने २०१६ साली त्यांना नारीशक्ती पुरस्काराने गौरविले. संभाजी महाराजांच्या समाधीवर दरवर्षी माथा टेकविणाऱ्या हजारो हिंदूंपैकी कोणालाही हे घर आधी उभारावेसे वाटले नाही, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे. त्यात त्या भगिनीचा दोष कोणता?

अर्थात प्रत्येक ठिकाणचे चित्र इतके निरपेक्ष नाही. मिशनच्या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे खुद्द मिशनऱ्यांनीही कधी लपविले नाही. मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली नेमलेल्या आणि १९५६ साली अहवाल सादर केलेल्या नियोगी समितीने शाळा, रुग्णालये व वसतिगृहे यांचा वापर धर्मांतरासाठी होत असल्याचा निष्कर्ष काढला होता. त्या निष्कर्षावर ख्रिस्ती संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतले, परंतु मूळ तत्त्वाचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले की, घटनेच्या २५व्या कलमाने आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा अधिकार दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. महात्मा गांधींनीही सेवेच्या आडून होणाऱ्या धर्मांतराला सातत्याने विरोध केला होता. उपाशी मुलाच्या ताटाशी अट बांधणे हे कोणत्याही धर्माच्या नावाने केले तरी अधर्मच आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पण येथेच थांबून चालणार नाही. आक्षेप घेणे सोपे असते आणि आक्षेप घेतल्याचे समाधान मोठे फसवे असते. छोटा नागपूरचा इतिहास या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. बेल्जियमहून आलेले कॉन्स्टंट लिव्हन्स हे जेझुइट पाद्री १८८५ साली त्या भागात पोहोचले. त्यांनी जमिनीचे कायदे अभ्यासले आणि जमीनदार-सावकारांनी नाडलेल्या मुंडा शेतकऱ्यांच्या बाजूने कचेरीत उभे राहिले. त्यानंतर हजारोंच्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. हा इतिहास सांगताना पाद्र्यांच्या हेतूकडे बोट दाखविले जाते. परंतु मुंडांची जमीन गिळणाऱ्या त्या जमीनदार-सावकारांत हिंदू मोठ्या संख्येने होते, हे वाक्य मात्र बहुधा गाळले जाते. जमीन आपल्यांनी काढून घ्यायची, मदत परक्याने करायची आणि मग श्रद्धा बदलली म्हणून दोष त्या गरिबाला द्यायचा, हा न्याय कोणता?

दांडगाई हे तर उत्तर नव्हेच. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन कोवळी मुले यांना झोपेत जिवंत जाळण्यात आले. हे कृत्य ज्यांनी केले त्यांनी हिंदू धर्माची सेवा केली नाही, त्याला काळिमा फासला. त्या आगीने एकाही वनवासी मुलाच्या घरातला दिवा लागला नाही.

कायद्याचेही तसेच. परकीय देणग्यांवरील नियंत्रणाचा कायदा २०१० साली नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. एका संस्थेने परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी आली, प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा पडली. पैशाचा हिशेब चोख असावा, हे योग्यच. परंतु परदेशातून येणारा पैसा थांबला आणि त्यामुळे एखादे वसतिगृह बंद पडले, तर तेथील चाळीस मुले दुसऱ्या दिवशी कोठे जेवतील? ती वीटभट्टीवर आईबापांच्या सोबतीला परत गेली, तर तो विजय कोणाचा? कायदा दार बंद करू शकतो. दुसरे दार उघडणे हे समाजाचे काम आहे.

हे काम कसे करावे, याचे आदर्श दूर शोधण्याची गरज नाही. ते मराठी माणसांनीच घालून दिले आहेत. मूळचे अमरावतीचे रमाकांत तथा बाळासाहेब देशपांडे शासकीय सेवेनिमित्त जशपूरला गेले. तेथील मिशनचे जाळे पाहून त्यांनी केवळ तक्रारअर्ज लिहिले नाहीत. २६ डिसेंबर १९५२ रोजी जशपूरच्या राजांच्या आश्रयाने मूठभर मुलांना घेऊन त्यांनी कल्याण आश्रम सुरू केला. आज देशभर पसरलेल्या वनवासी कल्याण आश्रमाच्या कामाचे बीज म्हणजे ते छोटेसे वसतिगृह होय. तलासरीत माधवराव काणे यांनी कल्याणचे नगराध्यक्षपद भूषविल्यानंतर शहरातील सुखवस्तू जीवन सोडून वारली मुलांत आयुष्य घालविले. त्या वसतिगृहात शिकलेले चिंतामण वनगा पुढे वकील झाले, खासदार म्हणून लोकसभेत गेले. आणि केवळ संघविचाराच्याच मंडळींनी हे केले असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले.

या सर्वांत भैयाजी काणे यांचे उदाहरण आजच्या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश टाकणारे आहे. संघाचे हे प्रचारक १९७० च्या दशकात मणिपूरच्या उखरूल भागात शिक्षक म्हणून गेले. तो तांगखुल नागांचा प्रदेश. विल्यम पेटिग्रू हे बॅप्टिस्ट मिशनरी तेथे १८९६ सालीच पोहोचले होते, त्यामुळे बहुतेक समाज ख्रिस्ती झालेला. भैयाजींनी तेथील मुलांना महाराष्ट्रात आणले, मराठी कुटुंबांच्या आधाराने शिकविले. ही मुले ख्रिस्ती होती आणि ख्रिस्तीच राहिली. त्यांचा धर्म बदलावा अशी अट भैयाजींनी घातली नाही. भारत आपला आहे आणि आपण भारताचे आहोत, एवढी खूण त्यांच्या मनात पक्की व्हावी, हीच त्यांची अपेक्षा होती. आपल्या ताटातला घास देताना समोरच्याची उपासना विचारायची नाही, ही सेवेची कसोटी त्यांनी स्वतः पाळून दाखविली. म्हणूनच ‘सेवेला अट असू नये’ असे ख्रिस्ती मंडळींना सांगण्याचा नैतिक अधिकार अशा कार्यकर्त्याला पोहोचतो. ज्याने एकाही मुलाला घरात घेतले नाही, त्याच्या तोंडी ते वाक्य शोभत नाही.

हीच कसोटी आळंदीलाही लावून पाहिली पाहिजे. जोग महाराजांची संस्था ही परंपरा आहे, परंतु गेल्या काही वर्षांत आळंदीत वारकरी शिक्षणाच्या नावाने असंख्य खाजगी निवासी संस्था निघाल्या. त्यांतील अनेक प्रामाणिक आहेत. काहींमध्ये मात्र मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या आणि २०२५ च्या आरंभी राज्य महिला आयोगालाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले. नोंदणी नसलेल्या संस्थांच्या तपासणीची मागणी पुढे आली. हा आळंदीला बदनाम करण्याचा डाव आहे, असे म्हणून हात झटकणे ही आत्मवंचना ठरेल. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याचे नियम जसे मिशनच्या वसतिगृहाला लागू होतात, तसेच गळ्यात तुळशीमाळ घातलेल्या संस्थाचालकालाही. मुलाचे रक्षण करणे हे तर धर्माचे पहिले काम. ज्या ओसरीवर आईबाप विश्वासाने मूल सोपवितात, ती ओसरी निष्कलंक असलीच पाहिजे. मिशनच्या वसतिगृहाकडे संशयाने पाहणाऱ्या डोळ्यांनी स्वतःच्या घरातील अंधारही पाहावा.

मग करावयाचे काय? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाख, म्हणजे राज्याच्या सव्वानऊ टक्क्यांहून अधिक आहे. शासनाच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत, पण त्यांच्या जागा अपुऱ्या पडतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या जनजाती विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. त्या योजनेत पुणे-पिंपरी-चिंचवडसारख्या महानगरांतील विद्यार्थ्याला निवास, भोजन व इतर खर्चासाठी वर्षाला साठ हजार रुपये धरले आहेत. २०१८ साली वसतिगृहातील भोजनाऐवजी थेट खात्यात पैसे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुण्यातील जनजाती विद्यार्थी नाशिकच्या दिशेने पायी निघाले होते. पैसा वेळेवर न मिळाल्यास जेवायचे काय, ही त्यांची भीती होती. ती भीती ज्याने कधी उपास काढला आहे त्यालाच कळेल.

साठ हजारांचा हिशेब महिन्याला पाच हजार रुपये असा होतो. पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांत राहणाऱ्या दहा कुटुंबांनी महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले, तर भीमाशंकराच्या वाडीतील एक विद्यार्थी वर्षभर निश्चिंतपणे शिकू शकतो. एका शाखेच्या परिसरात अशी दहा कुटुंबे नाहीत, असे कोण म्हणेल? ज्यांना पैसा देणे जमत नाही, त्यांनी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातील अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, बँकेचे खाते या कामी मुलाच्या सोबत जावे. निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवावे. चाकणच्या कारखान्यातील अनुभवी तंत्रज्ञाने प्रशिक्षणार्थी मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा. आणि सणाला त्या मुलाला घरी पंगतीला बसवावे. उपकाराचे मानकरी म्हणून नव्हे, घरचे मूल म्हणून. त्याची बोली, त्याचा वाघोबा, त्याचे नृत्य यांना हसू नये. ‘सुधारणा’ म्हणजे आपल्यासारखे होणे, हा अहंकार मिशनऱ्याच्या अंगी असला तर तो जितका वाईट, तितकाच तो आपल्या अंगीही वाईट.

ज्ञानेश्वरादी भावंडांना याच आळंदीने एके काळी वाळीत टाकले होते. संन्याशाची मुले म्हणून त्यांना समाजाची दारे बंद झाली, शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. त्या मुलांनी समाजाचा द्वेष केला नाही, त्याच्यासाठी पसायदान मागितले, हे त्यांचे थोरपण. परंतु दारे बंद करणाऱ्यांचे पाप त्यामुळे पुसले गेले नाही. आज वाडीवरून उतरून येणारा मुलगा आळंदी-चाकणच्या रस्त्यावर पुस्तकांची पिशवी घेऊन उभा आहे. क्रुसाखालचे दार त्याच्यासाठी उघडे असेल, तर ते बंद करण्यात आपली शक्ती खर्च होऊ नये. माउलीच्या गावातील दार त्याला आधी उघडे दिसावे, आणि ते उघडताना त्याला कोणतीही अट घातली जाऊ नये.