आधी प्रश्न, मग पक्ष्याचे नाव

मोबाइलवर पक्षी ओळखून देणारी अ‍ॅप आता नवलाची राहिलेली नाहीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ २०१४ मध्ये आले आणि २०२१ पासून ते आवाज ऐकूनही नाव सुचवू लागले. पक्ष्यांच्या निमित्ताने माणूस घराबाहेर पडतो, चालतो, लांबवर नजर टाकतो. डॉक्टर म्हणून मला याचे स्वागतच आहे. मात्र अशा अ‍ॅपची मांडणी कशी असावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. नंदुरबार जिल्ह्याने तर त्यात आवर्जून लक्ष घालावे, असा इतिहास आपल्या मातीत घडला आहे.

तो इतिहास रानपिंगळ्याचा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या छोट्या घुबडाला शास्त्रीय नाव दिले. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत त्याचे काही नमुने गोळा केले आणि त्यानंतर तो दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातला जुना नमुना उचलून त्यावर खोटे ठिकाण आणि खोटी तारीख लावली होती. त्या खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवली. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, खऱ्या नोंदींचा माग काढला आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा पाहिला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

म्हणजे पक्षी कोणता, याइतकेच तो कुठे आणि केव्हा दिसला हेही महत्त्वाचे. ‘मर्लिन’ची चांगली बाजू हीच आहे. टप्प्याटप्प्याने ओळख पटवताना ते पाच प्रश्न विचारते: कुठे, केव्हा, केवढा, कोणत्या रंगाचा आणि काय करत होता. रुग्ण तपासताना आम्हीही असेच करतो. दुखते कुठे, कधीपासून, किती, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहिली जात नाही. पाचही उत्तरांनंतर अ‍ॅप एक नाव न देता संभाव्य पक्ष्यांची यादी दाखवते आणि ‘हाच माझा पक्षी’ हे ठरवणे आपल्यावर सोडते.

अडचण आहे ती झटपट वाटेची. आवाज ऐकवला की पडद्यावर नाव उजळते आणि ते निकालासारखे वाटते. खरे तर तो अंदाज असतो. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला तरी डॉक्टर रुग्णाकडे पाहतोच. तसेच इथेही पक्षी डोळ्यांनी पाहून, निदान आवाज स्वतः पडताळून मगच नोंद करावी. साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक बारीक आहे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते आणि त्याच्या शेपटीवर रुंद पट्टे असतात. अशा वेळी अ‍ॅपने दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ‘डोके नीट पाहिलेत का?’ असे विचारायला हवे.

मांडणी करताना माणसाचे शरीरही लक्षात घ्यावे. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर दिसत नाही. वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि अनेक लहान पक्ष्यांचे आवाज नेमके त्याच पट्टीतले. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला भेद जन्मतःच कळत नाही. अशांना फक्त रंग विचारून काय उपयोग? आकारासाठी चिमणी आणि कावळ्याची तुलना आपल्याला कळते. पण रॉबिन म्हटले की आपल्याकडे चिरक डोळ्यांसमोर येतो आणि अमेरिकेतला रॉबिन तर साधारण साळुंकीएवढा असतो.

आणखी एक गोष्ट. एखाद्या भागात कोणता पक्षी दिसण्याची शक्यता जास्त, हे अ‍ॅप लोकांच्या नोंदींवरून ठरवते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत नोंद करणारेच कमी असतील, तर यादीही अपुरी राहणार. तपासणी न झालेल्या गावात रोग नाही असे आम्ही म्हणत नाही. तसेच नोंद नाही म्हणून पक्षी नाही, असे म्हणता येत नाही. ही उणीव भरून काढू शकतील असे गुराखी आणि शेतकरी आपल्याकडे आहेत. पण त्यांच्या बोलीतली पक्ष्यांची नावे अ‍ॅपला ठाऊक नसतील, तर ते नोंद करणार कशी?

म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. आपण किती खात्रीने सांगतो आहोत ते दाखवा, मोठी अक्षरे आणि मराठीसह इथल्या बोलीतली नावे द्या, आणि ‘ओळखता आले नाही’ हे उत्तर सन्मानाने स्वीकारा. वैद्यकशास्त्रातही ‘ताप, कारण अज्ञात’ ही प्रामाणिक नोंद मानली जाते. वापरणाऱ्यांनीही एवढे पाळावे: रेंज नसलेल्या भागात जाण्यापूर्वी पक्ष्यांची माहिती मोबाइलवर उतरवून घ्यावी, पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी ध्वनिफीत वाजवू नये आणि शंका असेल तर नाव लिहू नये. एका खोट्या चिठ्ठीची किंमत रानपिंगळ्याच्या शोधाने कित्येक दशके मोजली. आज तशी चिठ्ठी अंगठ्याच्या एका स्पर्शाने, कुणाचाही खोटेपणा नसताना, तयार होऊ शकते.